विद्युत्-गिटारची दांडी व घोडी

सतारीची जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतां फिरवतां पुन्हां पुन्हां तार छेडून पाहतो, हें पुष्कळ श्रोत्यांच्या पाहण्यांतलें असेल. विद्युत्-गिटारच्या घोडीला कानशीची गरज सहसा पडत नाहीं. तिला पेंच असतात, ते फिरवले कीं तार वर-खालीं होते. इतकी सोय असतांना तक्रारीस जागा उरूं नये, पण उरते. कित्येक गिटारींची घोडी तळाला टेकली तरी तारा पडद्यांपासून उंचच राहतात. शिकणाऱ्याचीं बोटें दुखतात आणि तो बिचारा बोटांनाच दोष देतो. अशा वेळीं दोष बहुधा दांडीच्या कलांत असतो.

मोठमोठ्या कारखान्यांनाही हा कल चुकला आहे. अमेरिकेंत मिशिगन राज्यांतील कॅलामझू येथें गिब्सन कंपनीनें १९५२ सालीं लेस पॉल या वादकाच्या नांवाची सोनेरी गिटार काढली. तिच्या दांडीला मागें कल इतका थोडा होता कीं, घोडीच्या आडव्या कांबीवरून तारा नेल्यास त्या फार उंच होत. म्हणून त्या कांबीखालून ओवाव्या लागल्या! उजव्या हाताचा तळवा घोडीपाशीं तारांवर टेकून नाद दाबण्याची युक्ति त्यामुळें वादकाच्या हातून गेली. १९५३ सालीं कंपनीनें कल वाढवला व दोन खुंटांवर बसणारी नवी कांब दिली. तारा आतां वरून जाऊं लागल्या.

कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांची दांडी सरसानें चिकटवलेली नसे, पेंचांनीं बसवलेली असे. येथें उपाय सोपा. तारा सैल करून दांडी सोडवावी आणि खोबणीच्या घोडीकडील टोंकाशीं पातळ पाचर घालावी. शाळेंतले समरूप त्रिकोण येथें कामाला येतात. खोबणी सुमारें ७५ मिलिमीटर लांब, आणि तिच्या तोंडापासून घोडी सुमारें २५० मिलिमीटर दूर; तेव्हां अर्ध्या मिलिमीटरच्या पाचरीनें घोडीला दीड मिलिमीटरहून अधिक वर येण्यास वाव मिळतो. कागदाची घडी कोंबण्यापेक्षां सबंध खोबणीभर उतरती होत जाणारी लांकडी पाचर केव्हांही बरी.

घोडी मात्र शेवटीं लावावी, तीही तारा पूर्ण सुरांत चढवून. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्यानें घोडी एक मिलिमीटर उचलली तर तेथें तार अर्धा मिलिमीटरच उचलते. मग बाराव्या पडद्यावर हलकें बोट ठेवून निघणारा स्वर आणि तार दाबून निघणारा स्वर ताडून पाहावे. दाबलेला चढा निघाल्यास घोडी मागें सारावी. दांडीला बाक आला असेल तर त्यावर पाचरीचा इलाज नव्हे. त्यासाठीं दांडींतली पोलादी सळई असते.

१९५२ च्या गिटारींना मात्र पाचर चालत नाहीं, कारण दांडी चिकटवलेली. ती उखडून नव्या कलांत बसवणें हें खर्चाचें व जोखमीचें काम. तारा वरून नेतां येतील अशी निराळी घोडी आतां त्यांच्यासाठीं मिळते. शहाणा मालक ती बसवतो आणि मूळची कांब डबींत जपून ठेवतो.