खर्चाचा हुकूम आणि त्यावरील दाद



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यामागे विलंबाचे जितके भय आहे, तितकेच खर्चाचेही आहे. स्वतःच्या खर्चाचा अंदाज माणूस बांधू शकतो. परंतु दावा हरल्यास प्रतिपक्षाचा किती खर्च आपल्यावर पडेल, हे त्याला आधी ठाऊक नसते. तो आकडा अन्यायाचा वाटला, तर दाद कशी मागावी, याचा आज विचार करू.

समजा, पुण्याच्या एका लहान कारखानदाराने चेन्नईजवळील ओरगडमच्या मोटारउद्योगाला सुटे भाग पुरविले. मालाच्या दर्जावरून तंटा झाला, दावा तिकडे चालला आणि आपला कारखानदार हरला. निकालाबरोबर खर्चाचा असा हुकूम झाला की, तो फेडण्यासाठी एखादे यंत्र विकावे लागावे. त्याने काय करावे?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, असा खर्च म्हणजे दंड नव्हे. जिंकणाऱ्याला न्याय मिळविण्यासाठी जे वाजवी द्रव्य वेचावे लागले, त्याची ती भरपाई आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे 35 वे कलम ही बाब न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविते. पण तो विवेक विहित अटींनी व मर्यादांनी बांधलेला आहे. खोट्या वा त्रासदायक दाव्याबद्दल 35-अ कलमाखाली निराळी भरपाई देववता येते. सर्वसाधारण दाव्यांत तिची कमाल मर्यादा 3,000 रुपये आहे.

सेलम येथील वकील संघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितले की, खर्च नाममात्र नसावा. यशस्वी पक्षाचा वेळ, प्रवास, मुक्काम, कोर्ट फी, वकिलाची फी यांचा प्रत्यक्ष व वाजवी खर्च त्यात धरला जावा, आणि उच्च न्यायालयांनी तसे नियम करावेत. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने एका अपिलात 45,28,000 रुपयांचा खर्च देवविला. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली तो हुकूम टिकू दिला नाही. प्रत्यक्ष खर्च मिळावा ही अपेक्षा रास्त असली, तरी नियमांत आधार नसताना तो वसूल करता येत नाही, हे त्या निकालाचे सार होय.

व्यापारी तंट्यांचा कायदा मात्र 2015 पासून बदलला आहे. ओरगडमसारख्या प्रकरणात आता न्यायालय वाजवी वकील फीही देववू शकते, आणि तेथे 35-अ कलमाची 3,000 रुपयांची मर्यादाही उरलेली नाही. मात्र पक्षकारांची वर्तणूक कशी होती, अंशतः यश कोणाला मिळाले, तडजोडीचा वाजवी प्रस्ताव कोणी धुडकावला, या गोष्टी न्यायालयाने पाहावयाच्या असतात. त्या पाहिल्या गेल्या नसतील, तर हरकतीला आधार मिळतो.

हरकत तीन प्रकारची असू शकते. बेरीज चुकली असेल, तर 152 व्या कलमाखाली दुरुस्तीचा अर्ज पुरतो. त्यासाठी अपिलाची गरज नाही. एखादी बाब अनावश्यक किंवा बिनपुराव्याची असेल, तर त्याच बाबीवर बोट ठेवावे. मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ शाखेत खर्चाचे बिल तपासणारा स्वतंत्र अधिकारी असतो. तेथे आक्षेप बाबवार मांडावे लागतात. तत्त्वच चुकले असेल, तर अपील. केवळ खर्चाच्या प्रश्नावर वरिष्ठ न्यायालय सहसा हात घालीत नाही. विवेकाचा वापर नियमबाह्य वा मनमानी झाला, हे दाखवावे लागते. व्यापारी दाव्यांत अपिलाची मुदत 60 दिवसांची आहे. आणखी एक सावधगिरी: अपील दाखल केल्याने वसुली आपोआप थांबत नाही. स्थगिती निराळी मागावी लागते.

म्हणून आपल्या कारखानदाराने ‘आकडा मोठा आहे’ एवढेच म्हणून भागणार नाही. कोणती बाब, कोणता नियम, कोणता पुरावा, हे त्याने सांगितले पाहिजे. खर्च अगदीच अल्प ठरला, तर सचोटीचा माणूस जिंकूनही नागवला जातो; बेसुमार ठरला, तर गरजू माणूस न्यायालयाच्या दारातूनच परततो. या दोहोंमधील वाट नियम आणि कारणे यांच्या आधारानेच सापडते. आणि ती कारणे मागण्याचा अधिकार हरलेल्या पक्षकाराकडेही शिल्लक असतो.