वसईची वाडी व सणसवाडीचा ओटा

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवळाच्या इतिहासावर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. मला घर, बाग व जेवण या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली आहे. विषय लहान वाटेल. परंतु पुणें-नगर रस्त्यावरील या गांवीं कारखान्यांत कामास येऊन भाड्याच्या खोलींत राहणारा प्रत्येक गृहस्थ एकच वाक्य बोलतो: "आमची जागा ती केवढी, आणि तींत लावावयाचें काय?" त्या वाक्यास उत्तर द्यावें एवढाच माझा हेतु आहे.

उत्तर शोधण्यासाठीं प्रथम समुद्रकांठीं जाऊं. वसईच्या आपल्या ख्रिस्ती बांधवांचें घर व बाग हीं दोन नव्हतींच. दोहोंस मिळून 'वाडी' म्हणत. वाडी कांहीं एकरांची जहागीर नव्हे. कित्येकांची तर घराभोवतींची चिंचोळी पट्टीच. पण त्या पट्टींत मजल्यावर मजले असत. सर्वांत वर नारळ व सुपारी, त्यांच्या सावलींत केळी व पानवेल, त्याखालीं अळू व आलें, कडेनें मोगरा. घरांत वापरलेलें पाणी पन्हळानें केळीच्या आळ्यांत जाई. विहिरीवर रहाट फिरे. आणि विहिरीपेक्षांही महत्त्वाचें तें बावखल, म्हणजे वाडींतील लहानसें तळें. पावसाचें गोडें पाणी त्यांत सांठून जमिनींत मुरे व समुद्राचें खारें पाणी विहिरींत शिरूं देत नसे. आपल्या वाडवडिलांना भूगर्भशास्त्र कोणी शिकविलें नव्हतें, पण बावखल बुजवूं नये हें त्यांस ठाऊक होतें.

स्वयंपाकघर या वाडीवरच चाले. राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळविलीं कीं टिकाऊ सुकेळी होई. नारळ कालवणांत, अळू भाजींत, केळीचें पान ताटाऐवजीं. उन्हाळ्यांत बाटली-मसाला कुटून काळ्या बाटल्यांत भरीत व सणाला फुगे तळीत. पोर्तुगीजांचा अंमल वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. त्यांच्याच जहाजांनीं अमेरिका खंडांतील मिरची, काजू, अननस व पपई आपल्या किनाऱ्यावर आणिलीं. बटाटा हा शब्दही त्यांचाच, व पावही त्यांचाच. मिरचीवांचून मराठी माणूस जेवत होता हें आज कोणास खरें वाटेल काय? परक्या देशांतून आलेलें रोप चार पिढ्यांत घरचें होतें, हें परगांवाहून आलेल्या आम्हांस विशेष ध्यानीं धरण्याजोगें आहे.

पुढें वाड्यांवर इमारतींचें संकट आलें. १९८८ च्या सुमारास वसईच्या हिरव्या पट्ट्यांत बांधकामास वाट मोकळी होऊं लागली, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें लोकांस उभें केलें. हेच दिब्रिटो २०२० सालीं मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले व २०२४ सालीं प्रभुचरणीं विलीन झाले. पुष्कळ वाचलें, पुष्कळ गेलें. अनेक बावखलें भरून टाकण्यांत आलीं, आणि भरमसाट उपशानें कित्येक विहिरी खाऱ्या झाल्या.

आतां आपल्या ओट्याकडे येऊं. येथें वसईचा पाऊस नाहीं. त्याच्या सुमारें चौथा हिस्साच पडतो. शिवाय आपल्यांतील जीं कुटुंबें नगरकडील खेड्यांतून आलीं, त्यांच्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे जन्मभर दुसऱ्याच्या शेतांत राबले. स्वतःचें म्हणून एक झाड लावण्यास त्यांस जागा नव्हती. म्हणूनच "जागा नाहीं" हें वाक्य आपल्या तोंडीं इतक्या सहज येतें, असें मला वाटतें.

वसईहून नारळ आणावयाचा नाहीं. वाडीची रीत आणावयाची. पंधरा किलोचा तेलाचा डबा घ्यावा, तळाशीं भोकें पाडून खापऱ्या घालाव्या, वर माती व कुजलेला पालापाचोळा भरावा. एका डब्यांत मिरची, एकांत पुदिना, मोठ्या कुंडींत कढीपत्ता. तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी मोरींत न ओततां बादलींत धरलें तर चार-पांच तांबे सहज निघतें. तेवढ्यांत हे डबे जगतात. साबणाच्या पुडीचें पाणी मात्र नको. आपल्या आज्या राखेनें भांडीं घाशीत, ती गोष्ट निराळी. वालाचा वेल दोरीवरून पत्र्यावर चढवावा. शेंगाही मिळतील व खोलीही थोडी निवेल. पाण्याच्या पिंपाखालीं जेथें ओल राहते तेथें अळू.

एक गोष्ट कळकळीनें सांगतों. कारखान्यांतून निघालेले रंगाचे व रसायनांचे पिंप भंगारांत स्वस्त मिळतात. ते कितीही धुतले तरी त्यांत खाण्याचें कांहींही लावूं नये. मुलांच्या ताटांत काय जातें याचा हिशेब पैशांत होत नाहीं.

पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रांत संत फ्रान्सिसची एक आठवण दिली आहे. मठाच्या बागेचा एक भाग न खणतां रानफुलांसाठीं सोडावा, असें तो संत सांगे. आपल्या ओट्यावर एवढी चैन परवडणार नाहीं. तरी एखाद्या डब्यांत आपोआप उगवलेलें फूल उपटण्याची घाई करूं नये.

मिस्सेनंतर देवळामागील भिंतीपाशीं मिरचीचीं रोपें व अळवाचे कंद ठेविले आहेत. ज्यांस हवे असतील त्यांनीं न्यावे. डबा मात्र घरून आणावा, आणि तो तेलाचाच असावा.