रविवार नसलेला आठवडा

(हीरक महोत्सवी वर्षात ग्रंथपाल दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१२ ऑगस्ट हा दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. शिक्षक दिन शाळेत साऱ्यांच्या लक्षात राहतो. ग्रंथपाल दिन मात्र बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाच्या फळ्यावरच उजाडतो आणि तेथेच मावळतो. ज्यांच्या जयंतीनिमित्त हा दिवस पाळतात, ते शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक होते. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांनी वीस वर्षे सेवा केली. त्या वीस वर्षांतला त्यांचा एखादा आठवडा कसा जात असेल, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे. कारण थोर माणसांची ओळख त्यांच्या सन्मानांच्या यादीपेक्षा त्यांच्या सोमवार-मंगळवारांतून अधिक चांगली पटते.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. मराठी माणसाला तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती आणि सरफोजीराजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही मोडी कागदपत्रांचा मोठा ठेवा सांभाळून आहे. त्या मातीतील हा मुलगा शिकण्यासाठी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला आला. ख्रिश्चन कॉलेजातून त्याने गणिताची एम. ए. पदवी मिळवली, सैदापेठच्या अध्यापक महाविद्यालयात शिक्षणशास्त्राचे धडे घेतले आणि मंगळूर, कोइंबतूर व मद्रास येथे अध्यापन केले. लहानपणापासून बोलताना त्याची जीभ अडखळत असे. तरीही वर्गात उभे राहून शिकवणे हेच त्याचे सर्वांत प्रिय काम होते.

जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. हे पद त्यांनी ग्रंथप्रेमापोटी मागितले नव्हते. प्राध्यापकाच्या तुटपुंज्या पगारापेक्षा येथील वेतन बरे होते, हे साधे सांसारिक कारण त्यामागे होते. रुजू झाल्यावर काही दिवसांतच त्यांचा जीव गुदमरू लागला. कालपर्यंत समोर प्रश्न विचारणारे विद्यार्थी होते, आज समोर मुकी कपाटे होती. येणारे-जाणारे थोडे आणि काम थोडेच. ते थेट विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि आपल्याला पुन्हा महाविद्यालयात पाठवावे, अशी विनंती त्यांनी केली. अखेर असे ठरले की, त्यांनी प्रथम इंग्लंडला जाऊन ग्रंथालयांचे काम पाहावे. त्यानंतरही मन रमले नाही, तर अध्यापनाकडे परतावे. भारतातील ग्रंथालयशास्त्राचा आरंभ असा एका कंटाळलेल्या शिक्षकापासून झाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथपालन विद्यालयात त्यांना डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे गुरू लाभले. वर्गात शिकावे आणि नंतर एकामागून एक ग्रंथालये पाहत हिंडावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. तेथे त्यांना दोन गोष्टी दिसल्या. ग्रंथालय गावातील लहानथोरांच्या, कामगारांच्या आणि गृहिणींच्या रोजच्या आयुष्याचा भाग होऊ शकते, ही पहिली. दुसरी गोष्ट गणितज्ञाच्या नजरेलाच दिसावी अशी होती. पुस्तके ज्या तयार कप्प्यांत बसवली जात, त्या कप्प्यांत नवे विषय मावत नव्हते. ज्ञान वाढत होते आणि कप्पे जुनेच होते.

या कोड्याची उकल त्यांना एका मोठ्या दुकानाच्या खेळणी विभागात सुचली. तेथे मेकॅनोच्या संचाचे प्रात्यक्षिक चालले होते. त्याच पट्ट्या, तीच चाके, तेच खिळे आणि तेच पेच. पण जोडणी बदलली की निराळे खेळणे तयार होई. रंगनाथन यांच्या मनात आले की, विषयांचेही असेच करता येईल. प्रत्येक विषयासाठी आधीच एक कप्पा तयार करून ठेवण्यापेक्षा विषयाचे मूळ घटक निश्चित करावेत आणि पुस्तक हाती आले की त्या घटकांची जोडणी करावी. मराठी शाळेतल्या मुलाला हे समजायला मेकॅनोचीही गरज नाही. मुळाक्षरे मोजकीच असतात, परंतु त्यांतून उभ्या राहणाऱ्या शब्दांना अंत नसतो. समजा, विदर्भातील कापसावर पडणाऱ्या किडीसंबंधी एक पुस्तक आले. पीक, त्याचा रोग, प्रदेश आणि काळ असे त्याचे घटक पाडायचे, प्रत्येकाला खूण द्यायची आणि त्या खुणा एकमेकींना जोडायच्या. या जोडणीसाठी त्यांनी विसर्गासारखे दिसणारे कोलन हे चिन्ह निवडले. म्हणून या पद्धतीला मराठीत द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. १९२५ साली मायदेशी परतताना बोटीवर जे ग्रंथालय होते, त्यातील पुस्तकांची मांडणीही त्यांनी आपल्या नव्या कल्पनेनुसार करून पाहिली. महाविद्यालयात परतण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

येथून तो आठवडा सुरू होतो. मद्रासमधील कारकिर्दीत रंगनाथन दिवसाचे तेरा तास आणि आठवड्याचे सातही दिवस काम करीत आणि त्यांनी दीर्घ रजा अशी घेतलीच नाही, असे त्यांच्याविषयी नमूद आहे. आठवड्यात रविवार नसावा, हा त्यांचा हेका नव्हता. त्यामागे विचार होता. विद्यार्थी, शिक्षक आणि नोकरदार यांना मोकळा वेळ केव्हा मिळतो? सकाळी लवकर, सायंकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. नेमक्या त्याच वेळी दाराला कुलूप असेल, तर ते ग्रंथालय कोणासाठी? म्हणून त्यांनी ग्रंथालयाच्या वेळा कचेरीच्या घड्याळातून सोडवून वाचकाच्या घड्याळाला बांधल्या. कपाटे खुली केली; वाचकाने स्वतः पुस्तकांमध्ये हिंडावे, चाळावे, निवडावे, अशी मुक्तद्वार पद्धत आणली. वाचकाजवळ जाऊन त्याला काय हवे आहे हे विचारणारा माणूस ग्रंथालयात असलाच पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता.

ग्रंथपाल दिवसभर पुस्तके वाचत बसतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्याचे वाचन निराळे असते. नवे पुस्तक आले की मुखपृष्ठावर विसंबून चालत नाही. प्रस्तावना, अनुक्रमणिका, सूची आणि मधली काही प्रकरणे पाहून पुस्तक खरोखर कशाविषयी आहे, हे ठरवावे लागते. त्यानंतर दाखलनोंद, वर्गांक, तालिकापत्र, कण्यावरची चिठ्ठी आणि फळीवरची जागा, अशी हातांची कामे सुरू होतात. सुताराने लाकडाचा पोत ओळखावा आणि मग रंधा लावावा, तसेच हे आहे. वर्गांक चुकला, तर पुस्तक ग्रंथालयात असूनही हरवते. याखेरीज ग्रंथपालाला आणखी एक वाचन करावे लागते, ते वाचकाचे. काय हवे आहे हे पुष्कळदा मागणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. ते त्याच्या अडखळत्या शब्दांतून ओळखावे लागते. ज्याची स्वतःची जीभ बालपणी अडखळली होती, त्याला हे अधिक समजले असेल.

या रोजच्या कामातूनच ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री आकाराला आली. १९२८ साली त्यांचे मन या सूत्रांच्या शोधात गुंतले होते. ज्यांनी त्यांना गणित शिकवले होते, त्या एडवर्ड रॉस यांच्याशी बोलताना पहिले सूत्र स्पष्ट झाले, असे सांगतात. ग्रंथ वापरासाठी असतात, हे ते सूत्र. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक लाभावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे हे ध्यानात ठेवावे, ही पुढील चार सूत्रे होत. १९३१ साली हा ग्रंथ आणि १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरणाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ऐकताना सूत्रे इतकी सोपी वाटतात की, यात नवे ते काय, असे कोणीही विचारील. परंतु ज्या काळात पुस्तके जपणे म्हणजे ती वाचकापासून दूर ठेवणे असे मानले जात होते, त्या काळात पहिले सूत्र म्हणजे कुलपावरचा घाव होता.

या आठवड्याला दुसरीही बाजू आहे आणि गौरवाच्या प्रसंगी ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्याच १९२८ साली त्यांच्या पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. पुढे शारदा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहविधी आटोपून ते त्याच दिवशी दुपारी ग्रंथालयात कामावर हजर झाले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ही आठवण सहसा कौतुकाने सांगतात. पण त्या दुपारी घरी काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्या घराला रविवार नव्हता, त्या घराचा भार कोणीतरी उचलत होते. रंगनाथन यांना याची जाणीव असावी, असे म्हणायला एक आधार आहे. पुढे साध्या राहणीतून शिल्लक पडलेले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले आणि त्या अध्यासनाला शारदाबाईंचे नाव जोडले गेले. म्हणूनच तेरा तासांचा दिवस हा कोणा कर्मचाऱ्यावर लादण्याचा आदर्श नव्हे. घेण्यासारखे आहे ते तासांचे गणित नसून तास कोणासाठी खर्च झाले, याचे भान.

हे भान शहरापुरते राहिले नाही. १९२८ साली स्थापन झालेल्या मद्रास ग्रंथालय संघाच्या कामात रंगनाथन अग्रभागी होते. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये तंजावर भागातील मन्नारगुडी येथे कनकसभै पिळ्ळै यांच्या प्रयत्नातून बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले, त्याच्या उद्घाटनाला रंगनाथन होते. ज्या गाडीतून भात आणि गवत जायचे, तशाच गाडीतून खेड्यांकडे पुस्तके निघाली. मराठी वाचकाला येथे सयाजीराव गायकवाडांची आठवण होईल. त्यांनी बडोदे संस्थानात त्याआधीच गावोगाव ग्रंथालये आणि फिरत्या पेट्या पोहोचवल्या होत्या. पुढे १९४८ साली मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यामागे रंगनाथन यांचे दीर्घ प्रयत्न होते. महाराष्ट्रात असा कायदा १९६७ साली आला.

आता प्रश्न उरतो तो या शाळेचा. साठ वर्षांच्या वाटचालीत ग्रंथालय वाढले, पुस्तके वाढली, कपाटे वाढली. परंतु रंगनाथन यांनी विचारला असता तो प्रश्न निराळा आहे. किल्ली कोणाजवळ असते आणि ती केव्हा फिरते? अनेक शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ असतो. कोठे एखाद्या शिक्षकाकडे वर्गाबरोबरच कपाटेही सोपवलेली असतात. मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत डबा खाऊन, रांगेत उभे राहून पुस्तक बदलणे सातवीतल्या मुलाला जमत नाही. मग तो मागणेच सोडून देतो. मराठी माध्यमाच्या शाळेत याची किंमत अधिक मोठी आहे. पुष्कळ घरांत मराठी बोलली जाते, पण मराठी पुस्तक असतेच असे नाही. अशा मुलाला शाळेतील कपाट बंद मिळाले, तर त्याची भाषा बोलण्यापुरतीच राहते.

हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी ग्रंथदान करू इच्छितात, ही आनंदाची गोष्ट आहे. तिसरे सूत्र मात्र लक्षात असावे. घरातील माळ्यावर नको झालेले पुस्तक शाळेच्या कपाटात आले, म्हणून त्याला वाचक मिळेलच असे नाही. देण्यापूर्वी ग्रंथपालांना एवढेच विचारावे की, मुले काय मागतात आणि काय मिळत नाही. पुस्तकांइतकेच मोलाचे दुसरे दान वेळेचे आहे. दोन-दोन पालकांनी आळीपाळीने एकेक रविवार सकाळचे दोन तास दिले, तर ग्रंथपालांची हक्काची सुट्टी न हिरावता ग्रंथालय उघडे राहू शकेल. ज्यांचे हस्ताक्षर चांगले आहे, त्यांनी कण्यावरच्या चिठ्ठ्या लिहाव्यात. ज्यांना बांधणी येते, त्यांनी विस्कटलेली पुस्तके शिवून द्यावीत. वरच्या वर्गातील मुलांना देवघेवीची वही सांभाळायला शिकवावे.

रंगनाथन १९७२ साली बंगळूर येथे निवर्तले. तोपर्यंत पद्मश्री आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे मान त्यांच्याकडे चालत आले होते. तरीही त्यांचे खरे स्मारक दर सकाळी कोठेतरी उघडणाऱ्या ग्रंथालयाच्या दारातच आहे. या शाळेतील ते दार येत्या रविवारी उघडले आणि एखादे मूल आत येऊन आपले पुस्तक शोधू लागले, तर हीरक महोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला, असे म्हणता येईल.