गोळी थांबवायची तारीख

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सकाळी सात-साडेसातला खापरीकडून वर्धा रोडने शहरात यायला निघालं, की मिहानमधल्या कंपन्यांची रात्रपाळी सुटलेली दिसते. कुणी कंपनीच्या गाडीत मान टाकून झोपलेलं, कुणी मेट्रोच्या जिन्याकडे धावणारं, कुणी दुचाकीवर. दुचाकीवरच्या मुलींचे तर फक्त डोळे दिसतात, बाकी सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, नागपूरचं ऊन! ऊन आहेच. पण मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. माझ्यासमोर तो स्कार्फ सुटतो तेव्हा पुष्कळदा दुसरंच कारण दिसतं. गालांवर, हनुवटीवर, जबड्याच्या कडेने लाल, ठणकणारे मुरूम. तारुण्यपीटिका हा पुस्तकातला गोड शब्द. ज्याला त्या येतात त्याला त्यात काही गोड वाटत नाही.

आज बोलायचं आहे ते या मुरुमांसाठी पोटात घ्यायच्या अँटिबायोटिक गोळ्यांबद्दल. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मिहानमध्ये रात्रपाळी करणारी एक मुलगी माझ्याकडे आली. हिंगणघाटची, वय तेवीस, मनीषनगरला तिघीजणी मिळून खोली घेऊन राहणाऱ्या. आली तीही मुरुमांसाठी नाही. आदल्या आठवड्यात तिच्या छातीच्या मधोमध भयंकर दुखू लागलं, घोटभर पाणी गिळता येईना. मैत्रिणी घाबरल्या, हृदयाचं काही असेल म्हणून रात्रीच दवाखान्यात घेऊन गेल्या. ईसीजी व्यवस्थित निघाला. मग दुर्बिणीने तपासलं तर अन्ननलिकेत जखम! तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी घेतेस? ती म्हणाली, पिंपल्सची. डॉक्सिसायक्लिन. पाळीवरून आल्यावर, गादीवर पडल्या पडल्या, एका घोटाबरोबर. ही गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथली त्वचा पोळते. त्यांनी गोळी बंद केली आणि मुरुमांसाठी त्वचेच्या डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं.

मी विचारलं, किती दिवस घेत होतीस?

"अकरा महिने, मॅडम."

कुणी दिली?

तिने मोबाइल काढून एका चिठ्ठीचा फोटो दाखवला. चिठ्ठी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीची होती, दोन वर्षांपूर्वीची. अक्षर माझं होतं.

मी लिहिलं होतं : डॉक्सिसायक्लिन 100, रोज एक, जेवणानंतर. खाली लावायची दोन मलमं. आणि शेवटी, "पुन्हा दाखवणे". किती दिवस घ्यायची, ते कुठेच नव्हतं. माझ्या मनात होतं, महिन्याने येईल तेव्हा पाहू. ती मैत्रीण आलीच नाही. तिला बरं वाटलं, मग यायचं कशाला? चिठ्ठी मात्र फिरत राहिली. मलमांनी आग होते म्हणून ती सुटली, गोळी तेवढी राहिली. औषधांच्या दुकानात फोटो दाखवला की पट्टी मिळायची. (आपल्याकडे 'मेडिकलात जाऊन आलो' म्हटलं, की दुकानात की शासकीय रुग्णालयात ते विचारून घ्यावं लागतं. पुष्कळांच्या लेखी दोन्हींत फरक उरलेला नाही, ही गंमत नाही.)

आता मुळात ही गोळी देतात कशासाठी, ते पाहू.

मुरूम म्हणजे ताप किंवा टायफॉइडसारखा बाहेरून आलेला संसर्ग नव्हे. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तेलग्रंथी जोमाने काम करू लागतात. केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र मृत पेशींनी बुजतं, आत तेल साठतं. आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारा एक जिवाणू, क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस त्याचं नाव, त्या बंद जागेत वाढतो. शरीर त्याच्यावर चिडतं आणि लाली, सूज, पू येतो. म्हणजे यात जिवाणू हा चार भागीदारांपैकी एक. त्याला मारलं तरी छिद्र बुजण्याचं काम चालूच राहतं. तेल तळकट खाण्याने वाढतं का, हा प्रश्न मला रोज विचारतात. सावजी सोडलं म्हणून कुणाचे मुरूम गेलेले मी तरी पाहिले नाहीत. फार गोड खाणं आणि दूध यांचा काहींना त्रास होतो, असं मात्र अभ्यास सुचवतात.

टेट्रासायक्लिन गटाची औषधं मुरुमांवर 1950च्या दशकापासून वापरात आहेत. या गटातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, 1948 मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून जगापुढे आलं, मातीतल्या जिवाणूपासून काढलेलं. त्या प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. डॉक्सिसायक्लिन हे याच घराण्यातलं पुढचं, 1967 सालचं औषध. मुरुमांवर ते दोन कामं करतं. जिवाणू कमी करतं आणि सूज उतरवतं. जिवाणूंना धक्काही लागणार नाही इतक्या कमी मात्रेतसुद्धा ते सूज उतरवतं, हे नंतर लक्षात आलं. म्हणून महिना-दीड महिन्यात चेहरा शांत होतो आणि रोग्याला वाटतं, हेच आपलं औषध.

खरी गोम पुढे आहे. गोळी चेहऱ्यावरच जात नाही. ती घशात, नाकात, आतड्यात, सगळीकडे पोचते. तिथल्या कोट्यवधी जिवाणूंमधले कच्चे मरतात, पक्के उरतात. तीन महिन्यांत हे थोडं होतं, अकरा महिन्यांत पुष्कळ. आणि हे पक्के जिवाणू एकाच माणसाजवळ थांबत नाहीत. मुरुमांच्या रोग्यांच्या घरातल्या माणसांच्या त्वचेवरही ते सापडले आहेत. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका अभ्यासात तर मुरुमांवर उपचार करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांच्या चेहऱ्यावरच असे जिवाणू आढळले. ते वाचल्यावर मी आरशात जरा निराळ्या नजरेने पाहिलं होतं.

यात विदर्भातल्या माणसाने एक गोष्ट विसरू नये. 2018च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या, झुडपांतल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्याने होणारा हा ताप. अंगावर कुठेतरी काळी खपली, मागून ताप, आणि वेळेवर ओळखला नाही तर मूत्रपिंड, फुप्फुसं कोलमडतात. माणसं दगावली त्या वर्षी. त्यावरचं मुख्य औषध कोणतं? हीच डॉक्सिसायक्लिन. मुंबईत पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टो होऊ नये म्हणून पालिका जी गोळी देते, तीही हीच. मुरुमांसाठी घेतली म्हणून उद्या स्क्रब टायफसला ती लागू पडणार नाही, असा सरळ हिशेब नाही. तसं मी सांगितलं तर ती भीती घालणं होईल. पण जी गोळी पावसाळ्यात जीव वाचवते, ती चेहऱ्यासाठी वर्षवर्ष शेंगदाण्यासारखी खायची नाही, एवढं तरी पटावं.

अझिथ्रोमायसिनचं तसंच. आठवड्यातून तीन दिवस घ्यायची, म्हणून आपल्याकडे ती फार लोकप्रिय. पण टायफॉइडवर आज जी थोडी तोंडाने घ्यायची औषधं हाताशी आहेत, त्यांत ती आहे. डॉक्सिसायक्लिन चालत नसेल तरच तिच्याकडे वळावं, असं माझं मत आहे.

मग गोळी घ्यायचीच नाही का? तसं नाही. हे ठासून सांगते, कारण अशी भाषणं ऐकून आया घरी पोरींच्या गोळ्या फेकून देतात. लाल, खोल, दुखणारे मुरूम गालभर, पाठभर असतील तर गोळी लागते. वय गेलं की जातील म्हणून बसून राहिलात तर मुरूम जातात, खड्डे राहतात. मुलाखतीला न जाणारी, लग्नाच्या फोटोत मागे उभी राहणारी, घरातला आरसा उलटा ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. हा दिखाव्याचा आजार नाही.

पण गोळी सुरू करतानाच ती थांबवायची तारीख ठरवायची. साधारण तीन महिने. ब्रिटनच्या 2021च्या मार्गदर्शक सूचनांत बारा आठवड्यांनी फेरतपासणी सांगितली आहे, आणि सहा महिन्यांपलीकडे जाणं अगदी अपवाद म्हणून. आणि गोळी एकटी कधीही नाही. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम हवं, कारण या औषधाला जिवाणू सरावत नाहीत. आणि छिद्रं मोकळी ठेवणारं अडॅपलिनसारखं मलम रात्री हवं. खरं सांगायचं तर मलम हेच मूळ औषध, गोळी ही काही दिवसांची मदतनीस. गोळी थांबली तरी मलम चालू ठेवायचं. आमचे बरेच रोगी नेमकं उलट करतात.

मलमं सुटतात ती आगीमुळे, म्हणून थोडं सांगते. बेन्झॉइल पेरॉक्साइड कमी टक्क्याचं घ्या, अडीचचं. पहिले काही दिवस एकाआड एक दिवस लावा. चेहरा दिवसातून दोनदा साध्या फेसवॉशने धुवा, घासू नका. अडॅपलिन वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. प्रत्येक मुरुमावर टिळा नाही. सुरुवातीला थोडं वाढल्यासारखं वाटेल. दीड-दोन महिने धीर धरा. आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, हे दुकानदार सांगत नाही. उशीचा अभ्रा पांढरा वापरा, नाहीतर तो चांगला बांधणीचा स्कार्फ ठिपक्याठिपक्यांचा होईल. रोज तोच घामेजलेला स्कार्फ आणि तोच हेल्मेटचा पट्टा, यांनीही हनुवटीचे मुरूम वाढतात. स्कार्फ रोज धुतलेला घ्या.

डॉक्सिसायक्लिन घेताना पेलाभर पाणी, बसून किंवा उभं राहून, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. रात्रपाळीवाल्यांनी ती सकाळी झोपायच्या आधी न घेता उठल्यावर जेवणानंतर घ्यावी. दुधाबरोबर नको. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचं पातळ औषध यांच्यात काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी पोटात बांधली जाते, अंगी लागत नाही. या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात दुप्पट काळजी. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना मुरुमांसाठी ती देत नाहीत. आणि आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर बरोबर डॉक्सिसायक्लिन मुळीच नको, दोन्ही मिळून मेंदूवरचा दाब वाढू शकतो. आयसोट्रेटिनॉइन हे हट्टी मुरुमांवरचं फार गुणकारी औषध, पण ते घेताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. ते डॉक्टरशिवाय घेऊ नये. मुलींची पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील तर तेही डॉक्टरला सांगा. मग उपचाराची दिशाच बदलते.

गोरं करणारी, मुरूम घालवणारी म्हणून जी मिश्र मलमं मिळतात, त्यांत स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा चकचकीत, मग लाल, पातळ, केसाळ आणि पुन्हा मुरूम. 2018 मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असं केलं. नियम आहे. विक्री कशी चालते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

मिहानमध्येच आता एम्सचं मोठं रुग्णालय उभं आहे. पंतप्रधानांच्या हस्ते डिसेंबर 2022 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. तिथे त्वचारोग विभाग आहे, बाह्यरुग्ण विभागात अगदी माफक पैशांत दाखवता येतं. शहरात मेडिकल आहे, मेयो आहे. म्हणजे कंपनीपासून डॉक्टर लांब आहे, असं म्हणायला जागा नाही. रात्रपाळी करून रांगेत उभं राहणं सोपं नसतं, हे मान्य. मोबाइलमधला फोटो दाखवणं दोन मिनिटांचं काम, हेही मान्य.

हिंगणघाटच्या त्या मुलीला मी गोळी पुन्हा दिली नाही. अकरा महिने झाले होते, आणि नंतरच्या काळात तिचा उपयोगही होईनासा झाला होता. दोन मलमं दिली, कशी लावायची ते तिच्यासमोर माझ्या बोटावर घेऊन दाखवलं. पाळी अनियमित होती, म्हणून तपासण्या लिहिल्या. आई बरोबर होती. ती म्हणाली, "मॅडम, गोळीच नाही म्हणता, मग फी कशाची?" बरोबरच होतं तिचं. आम्हीच तर लोकांना शिकवलं, की औषध म्हणजे गोळी.

चार महिन्यांनी दोघी परत आल्या. गाल बरेच निवळले होते, हनुवटीवर अजून दोन-तीन होते, काळे डाग होते, ते जायला वेळ लागेल असं मी सांगितलं. जाताना मुलगी म्हणाली, मैत्रिणीनेही गोळी बंद केली, तीही येणार आहे दाखवायला. मी म्हटलं, पाठव. तिची फी घेणार नाही, मागच्या वेळची चिठ्ठी अर्धवट लिहिली होती.

आता माझ्या चिठ्ठीवर प्रत्येक अँटिबायोटिकपुढे दोन तारखा असतात, सुरू करायची आणि थांबवायची. दुसरीखाली मी रेघ मारते.