जुने विमान आणि त्याची वही

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय आम्ही कळविला, तेव्हा मंडळाच्या चिटणीसांनी ते पत्र दोनदा वाचले असे ऐकतो. “आपल्या ज्ञातीत विमान घेणार कोण?” असा त्यांचा सौम्य प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. कर्ज काढून घर बांधावे आणि ते फिटेपर्यंत केस पिकावेत, ही आपल्यापैकी बहुतेकांची कहाणी. परंतु काळ पालटला आहे. आपली मुले परदेशी स्थिरावली आहेत. आणि अमेरिकेसारख्या देशात चार-सहा आसनांचे जुने विमान दोघातिघांनी मिळून विकत घेणे ही फारशी नवलाची गोष्ट नाही. काही वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्याच उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. त्यातून आम्ही जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

विमान हा विषय नाशिककरांना परका नाही. १९६४ साली मिग विमानांच्या निर्मितीसाठी ओझरचा कारखाना स्थापन झाला आणि या द्राक्षांच्या मुलुखात विमाने घडू लागली. आमची उमेदीची वर्षे त्याच कारखान्यात गेली. तेथे मिळालेला पहिला धडा असा की, प्रत्येक विमान दोनदा घडत असते: एकदा धातूत आणि एकदा कागदावर. एखादा भाग केव्हा बसविला, किती तास चालला, कोणी तपासला, याची नोंद नसेल, तर तो कितीही चकचकीत असो, त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही.

लहान विमानाला बहुधा इंजिन एकच असते, म्हणून तेथे क्षुल्लक असे काहीच नसते. १९३० साली आगाखान पारितोषिकासाठी जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनिअर हे दोन तरुण भारत व इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने विमानातून कापीत होते. एक पश्चिमेकडे निघालेला, दुसरा पूर्वेकडे. इजिप्तमध्ये अबुकीर येथे त्यांची गाठ पडली. इंजिनिअर स्पार्क प्लगवाचून अडले होते. टाटांनी आपल्याजवळचे देऊन त्यांची अडचण दूर केली, आणि पारितोषिक इंजिनिअरांनी पटकाविले. पुढे १९६० ते १९६४ या काळात हेच अस्पी इंजिनिअर भारतीय वायुसेनेचे प्रमुख होते. टाटांचे औदार्य तर थोर खरेच. परंतु मुठीत मावणाऱ्या वस्तूवाचून सारे उड्डाण खोळंबते, हेही त्या प्रसंगातून ध्यानी घ्यावे.

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. आमचा भाचा टेक्सास राज्यात अभियंता आहे. वैमानिकाचा परवाना त्याने हौसेने मिळविला. दोन सहकाऱ्यांसह एक जुने बीचक्राफ्ट बोनान्झा घ्यावे असे त्याच्या मनात आले. बोनान्झाचे पहिले उड्डाण डिसेंबर १९४५ मधले. आमच्या भाच्याने पाहिलेले विमान १९७७ सालचे, सहा आसनांचे, २८५ अश्वशक्तीच्या इंजिनाचे, आणि चाके पोटात ओढून घेणारे होते. त्याच्या हिश्श्याला काही रक्कम कमी पडत होती. पंचवटीतील वडिलोपार्जित घर विकून आलेल्या पैशात आमच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे त्याच्या आईचा, वाटा होता. तो तिने द्यावा, अशी त्याची विनंती होती.

बहीण आमच्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, पैशाचं काय, ते आज ना उद्या त्याचेच. पण त्या सहा खुर्च्यांवर बसणार कोण?” आम्ही निरुत्तर झालो. मुलगा, सून आणि दोन नातवंडे. सहापैकी चार खुर्च्या तिच्याच घरच्या होत्या.

विमानाची जाहिरात मोहक होती. रंग नवा, आसनांचे चामडे नवे, दर्शक यंत्रांची फळी नवी. शिवाय संपूर्ण दुरुस्तीनंतर इंजिन अवघे ३०० तास चाललेले. अशा दुरुस्तीसाठी निर्मात्याने सुचविलेली मर्यादा १,७०० तासांची. तेव्हा १,४०० तास शिल्लक, असा भाच्याचा हिशेब. हिशेब बरोबर होता, परंतु अर्धाच होता. ती दुरुस्ती १९ वर्षांपूर्वीची होती! निर्माता तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा सुचवितो, आणि ती १२ वर्षांची आहे. ज्या विहिरीचा उपसा थांबतो तिचे पाणी नासते. तसेच जे इंजिन उभे राहते त्यात ओल साठते, तेल बिघडते आणि गंज चढतो.

आम्ही त्याला सर्व नोंदवह्यांची छायाचित्रे पाठविण्यास सांगितले. विमानाच्या सांगाड्याची, इंजिनाची आणि पंख्याची अशा वह्या निरनिराळ्या असतात. तीन रात्री आम्ही त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. ११ वर्षांपूर्वीच्या एका पानावर नवा पंखा बसविल्याची नोंद होती. त्याच आठवड्यात पोटाखालचे पत्रे बदललेले. कारण कोठेच लिहिलेले नव्हते! आमच्या मनात शंका आली, की उतरताना चाके बाहेर काढण्याचे राहून गेले असावे आणि विमान पोटावर उतरले असावे. चालत्या इंजिनाचा पंखा जमिनीवर आपटला, की तो धक्का थेट आतल्या मुख्य दांड्यापर्यंत जातो. म्हणून इंजिन पूर्ण उघडून तपासावे लागते. तशी तपासणी झाल्याची एकही ओळ इंजिनाच्या वहीत नव्हती.

मग विकणाऱ्याशी काहीही संबंध नसलेला तपासनीस नेमला. त्याने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला, बारीक दुर्बीण आत घालून पाहिले, तेलाची गाळणी कापून धातूचे कण शोधले. दोन झडपांच्या कडा जळलेल्या निघाल्या आणि इंजिनाच्या बाह्य कवचाला तडा गेलेला आढळला. व्यवहार तेथेच थांबला. करार लेखी असल्याने विसार परत मिळाला. तपासणीचे शुल्क मात्र गेले. भाचा खिन्न होऊन म्हणाला, “मामा, विमानही नाही आणि पैसेही गेले.” आम्ही म्हणालो, “अरे, ते पैसे विमानासाठी दिलेच नव्हते. ‘नको’ असे खात्रीने म्हणता यावे म्हणून दिले होते.”

विकणाऱ्याने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. त्यानेही ते विमान दुसऱ्याकडून असेच घेतले होते. न वाचलेली वही अशीच या हातातून त्या हातात फिरत राहते.

याविषयी आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर बोजा आहे का ते पाहतो. अमेरिकेतही ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी दप्तरातून विमानाची मालकी व त्यावरील कर्ज तपासता येते. दुसरे असे की, खरेदीची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात होय. जागाभाडे, विमा, वार्षिक तपासणी आणि पुढील दुरुस्तीसाठी दर तासामागे बाजूला ठेवावयाची रक्कम, हा सारा हिशेब आधी मांडावा. भागीदारांनी करार लेखी करावा. स्नेह टिकविण्याचा तो उत्तम मार्ग आहे. आणि चालविणाराही तपासावा! व्ही अक्षरासारख्या शेपटीच्या जुन्या बोनान्झाला अमेरिकेत ‘डॉक्टरांचा काळ’ असे नाव पडले होते. कारण ऐपत पुष्कळ आणि सराव थोडा अशा सुशिक्षितांनी त्यात प्राण गमावले. आपल्या ज्ञातीला आपल्या डॉक्टरांचा अभिमान आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. २०० अश्वशक्तीहून अधिक बळाच्या विमानासाठी तेथे स्वतंत्र शिक्षण आणि शिक्षकाची स्वाक्षरी आवश्यक असते, ती उगीच नव्हे.

कोणी असे विमान भारतात आणू म्हणेल, तर येथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी, ‘व्हीटी’ हे चिन्ह आणि उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र ही सर्व पायरी-पायरीने मिळवावी लागतात. शिवाय या इंजिनांना मोठ्या विमानांचे रॉकेलसारखे इंधन चालत नाही. त्यांना ॲव्हगॅस नावाचे निराळे पेट्रोल लागते. ते परदेशातून आणावे लागे. इंडियन ऑइलने स्वतः तयार केलेले ॲव्हगॅस २०२२ साली प्रथम बाजारात आणले. तेव्हा विमान घेण्याआधी इंधन कोठे मिळेल ते विचारावे.

पुढे वर्षभराने भाच्याने त्याच जातीचे दुसरे विमान घेतले. त्याचा रंग विटलेला होता. परंतु मालक दर आठवड्याला उड्डाण करी आणि वहीत एकही खंड नव्हता. इंजिनाचे तास भरत आले होते, म्हणून किंमतही तशीच ठरली आणि नव्या दुरुस्तीची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवली. आमच्या बहिणीने आपला वाटा आनंदाने दिला.

जुने म्हणजे टाकाऊ नव्हे. १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल घेऊन आलेल्या टाटांनी १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या मॉथ विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. ज्याची निगा राखली गेली आणि नोंद ठेवली गेली, ते जुने विमान भरवशाचे. ज्याचे नुसते रंगकाम झाले, ते नवे दिसूनही धोक्याचे. घर, यंत्र वा संस्था, सर्वांनाच हे लागू आहे. आपल्या मंडळाच्या वह्याही या दृष्टीने अधूनमधून वाचाव्यात, अशी चिटणीसांना आमची प्रेमाची सूचना आहे.

गेल्या हिवाळ्यात आमची बहीण त्या विमानात नातवंडांसह बसली. उतरल्यावर तिने दूरध्वनी केला. आम्ही धास्तावूनच विचारले, “कसं वाटलं?” ती म्हणाली, “दादा, आपल्या एस.टी.पेक्षा हादरे कमी बसले.”