प्रकाश, कर्ब आणि मुखाचा कर्करोग : स्वागताध्यक्षीय भाषण



प्रकाशाने तापणाऱ्या कर्बद्रव्यांच्या वैद्यकीय उपयोगाचा विचार करण्यास आपण परभणीस जमलात, याबद्दल स्वागतसमितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. असा विषय मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांतच शोभावा, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी मुंबईकडे जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसच्या वेळी आमच्या स्थानकावर उभे राहावे. गालावरची गाठ उपरण्याने झाकून, दवाखान्याच्या कागदांची पिशवी छातीशी धरून परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेला एखादा शेतकरी त्यांना तेथे खचित भेटेल.

देवापुढे जळणाऱ्या कापराची काजळी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. त्याच कापराचे उच्च तापमानास विघटन करून पवईच्या आय.आय.टी.तील प्रा. महेश्वर शेरॉन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कर्बाचे अतिसूक्ष्म मणी सिद्ध केले, आणि त्यांच्या 1998 सालच्या निबंधावर, 1991 साली कर्बनलिकांकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या सुमिओ इजिमांचेही नाव सहलेखक म्हणून आहे. पुढे 2005 साली स्टॅनफर्डला होंगजिए दाय यांच्या प्रयोगशाळेत अशाच अतिसूक्ष्म कर्बनलिकांना फोलेट या जीवनसत्त्वाचा अंश जोडण्यात आला. ज्या कर्कपेशीच्या पृष्ठभागावर फोलेटचे ग्राहक विपुल, ती त्या नलिका आत ओढून घेई आणि 808 नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश पडताच आतून तापून मरे, तर असे ग्राहक विपुल नसलेली पेशी त्याच प्रकाशात सुखरूप राही. अंधाऱ्या खोलीत प्रखर विजेरी तळहाताखाली धरली की बोटे तांबडी दिसतात, कारण मांसातून तांबडा प्रकाश पार होतो, निळा होत नाही. तांबड्याला लागूनचा अवरक्त त्याहून खोल जातो, आणि काळा कर्ब तो शोषून त्याची उष्णता करतो.

मात्र ही खोलीही फार तर काही सेंटिमीटरांचीच. सबब माझी विनंती अशी की, आरंभ मुखापासून व्हावा. तंबाखूने आमच्या खेड्यापाड्यांत रुजविलेला हा रोग उघड्या तोंडात दिसतो, आणि तेथे प्रकाशतंतू विनासायास पोहोचतो.

तथापि पेशींवर व उंदरांवर मिळालेले यश म्हणजे इलाज नव्हे. काम झाल्यावर तो कर्ब जातो कोठे? पुष्कळसा यकृतात व प्लीहेत साठून राहतो. आणि 2008 साली एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी लांब नलिका उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या, तेव्हा ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी व्हावा तसाच दाह झाला. या प्रश्नास टाळून कोणी आमच्या माणसांस आशा दाखवू नये, असे मला कळकळीने वाटते.

मराठवाड्याची माणसे विज्ञानास सहकार्य देण्यात मागे नाहीत. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांचा समावेश असलेला प्रयोग झाला, आणि एचपीव्ही या विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे 2009 साली जगापुढे ठेवले गेले. त्या स्त्रियांना आपण कशात सहभागी होत आहोत हे समजावून सांगण्यासाठी कार्यकर्ते गावोगाव गेले होते.

म्हणून कर्बाच्या शरीरातील पुढील वाटचालीची चर्चा पहिल्याच सत्रात व्हावी, आणि प्रश्न विचारण्याचा पहिला मान आमच्या तालुक्यांतील डॉक्टरांना मिळावा, अशी तजवीज स्वागतसमितीने केली आहे. तिला मंजुरी देऊन अध्यक्षमहाशयांनी कामकाजास आरंभ करावा, ही विनंती.