नांदीश्राद्ध : मंगलकार्यातील पितरांचे निमंत्रण



ज्या घरी वर्षाच्या आत कोणी वडीलधारे निवर्तले, त्या घरी विवाह ठरला म्हणजे सर्वांचीच मने द्विधा होतात. सनई वाजू लागली की कोणाचा तरी डोळा भरतो, आणि मंगलप्रसंगी अश्रू नकोत म्हणून ते माणूस मुकाट्याने माजघरात निघून जाते. आनंद करावा तर गेलेल्याचा विसर पडल्यासारखे वाटते. शोक करावा तर वधूवरांवर अन्याय होतो.

धर्मशास्त्राने हा पेच ओळखला होता. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु १६१२ चा, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु १७९० चा. या निबंधकारांच्या परंपरेत सपिंडीकरणाचा मुख्य काल वर्षान्ती असला, तरी 'वृद्धी' म्हणजे मंगलकार्य उपस्थित झाल्यास ते अलीकडे आणण्यास अनुज्ञा आहे. सपिंडीकरणाने मृत व्यक्ती पितृपंक्तीत बसते. म्हणजे घरचे लग्न तिला दूर लोटीत नाही, उलट लवकर पंक्तीत आणते.

पंक्तीत आलेल्यांना पहिले निमंत्रण नांदीश्राद्धाचे. याचा थाट इतर श्राद्धांहून अगदी निराळा. येथे तिळांच्या जागी यव, अपसव्याच्या जागी सव्य, अपराह्णाच्या जागी पूर्वाह्ण, स्वधाकाराच्या जागी स्वाहाकार. पितर तेच, परंतु आज ते 'नांदीमुख', आनंदाने आलेले. विवाहापूर्वी दहा दिवसांपर्यंत हा विधी करता येतो, आणि तो झाला म्हणजे कार्यास प्रारंभ झाला असे मानून पुढे उद्भवलेल्या अशौचाची बाधा त्या कार्यास धरीत नाहीत. मृत्यूची वार्ता आली तरी हाती घेतलेले मंगल अर्ध्यावर टाकावे लागत नाही. एवढ्या मोलाचा हा विधी हल्ली बहुधा पाच-दहा मिनिटांत दक्षिणेवर उरकतो आणि छायाचित्रकार तेवढ्या वेळात मंडपाची सजावट टिपत असतो, ही खेदाची गोष्ट होय.

या विधीतील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. नांदीश्राद्धात आधी माता, पितामही, प्रपितामही, नंतर पित्याकडील पुरुष, त्यानंतर मातामहादिक. कन्येच्या विवाहात कर्ता तिचा पिता. म्हणून वधूची आजी गेलेली असेल, तर सर्वांत आधी तिचे आवाहन होते. ती सौभाग्यवती गेली की विधवा, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

आणि तीच आजी हयात असताना? थोरल्या नातीच्या लग्नात ती माजघराच्या दाराआड बसली होती. हळद लावण्यास तिला कोणी बोलाविले नाही. ओटीचे तबक तिच्यासमोरून पुढे गेले. 'तिकडेच बसा, आई' असे पुत्रच म्हणाला. पुढे ती वारली, आणि धाकट्या नातीच्या विवाहात त्याच पुत्राने पाटावर बसून, हाती यव घेऊन, तिला नांदीमुखी म्हणून पहिले आसन दिले. आसन देताना त्याचा कंठ दाटला. पुरोहित क्षणभर थांबले, माजघरातल्या स्त्रियाही दारापर्यंत आल्या, आणि बाहेर सनई चालूच होती.